स्नोमिक्समध्ये फीडची जुळणी

थेट प्रक्षेपणासाठी विकत मिळणाऱ्या मिक्सरला मागच्या बाजूने ठरावीक जोडण्या असतात. कॅमेऱ्याची केबल तिथे खोचली की काम झाले. लिनक्स आणि मॅकवर चालणाऱ्या स्नोमिक्स या मुक्तस्रोत मिक्सरला अशी एकही जोडणी नाही, कारण तो निव्वळ सॉफ्टवेअर आहे. कॅमेरा, लॅपटॉप, मोबाइल यांपैकी कशाचे चित्र आत घ्यायचे, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहून द्यावे लागते. चित्र आत येण्याच्या अशा प्रत्येक मार्गाला ‘फीड’ म्हणतात.

फाइलमध्ये आधी मिक्सरचा स्वतःचा पडदा ठरतो: रुंदी, उंची, सेकंदाला किती फ्रेम आणि पिक्सेलची मांडणी. १२८० गुणिले ७२० पिक्सेल व सेकंदाला २५ फ्रेम हे माप बहुतेक कार्यक्रमांना पुरते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे २५चा दर सोयीचाही आहे. सभागृहातले दिवे चित्रात लुकलुकण्याची शक्यता कमी होते. एका पिक्सेलला चार बाइट लागतात आणि ते निळा, हिरवा, लाल, पारदर्शकता याच क्रमाने यावे लागतात.

मग फीडची पाळी. क्रमांक आणि नाव, रुंदी आणि उंची, सॉकेटचा पत्ता एवढे लिहिले की फीड उभे राहते. शून्य क्रमांकाचे फीड मिक्सर स्वतःच बाळगतो. बाकीची १ पासून पुढे. नाव माणसाच्या सोयीसाठी आहे, पुढच्या आज्ञा क्रमांकानेच चालतात. व्यासपीठाचा कॅमेरा काल १ होता आणि आज ३ झाला, तर जुनी स्क्रिप्ट बिनतक्रार भलतेच दृश्य दाखवते. म्हणून क्रमांक एकदा ठरले की त्यांना हात न लावणेच शहाणपणाचे.

कॅमेऱ्याशी स्नोमिक्सचा थेट संबंध येत नाही, आणि नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. चित्र पकडणे, उलगडणे आणि हव्या मापात बसवणे ही कामे जीस्ट्रीमर हा वेगळा प्रोग्राम करतो. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम देत असेल, तर त्यातल्या ५ तो गाळतो. लॅपटॉपचा पडदा १०२४ गुणिले ७६८ असेल, तर ७२० उंचीत तो ९६० रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना १६० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या भराव्या लागतात. नाहीतर माणसे आडवी ताणलेली दिसतात. तयार झालेली फ्रेम संगणकाच्या सामायिक मेमरीत ठेवली जाते आणि मिक्सर ती तिथून उचलतो. सॉकेटचा पत्ता लागतो तो या देवाणघेवाणीसाठी.

एवढा खटाटोप का, हे हिशेबातून कळते. एका फ्रेमचे ३६,८६,४०० बाइट होतात. २५ फ्रेमचे ९ कोटी २१ लाख ६० हजार. एकाच फीडमागे दर सेकंदाला इतका माल हलतो. तो एका प्रोग्राममधून दुसऱ्यात पुन्हापुन्हा नकलत बसले, तर संगणक त्यातच दमून जाईल. मात्र या मेमरीत फक्त बाइटांची रांग असते. ओळ कुठे संपते हे त्यात लिहिलेले नसते. त्यामुळे दोन्हीकडची मापे तंतोतंत जुळावी लागतात. न जुळल्यास चित्र विस्कटते किंवा दिसतच नाही. मेमरीचा आकारही एका फ्रेमपुरता न ठेवता अनेक फ्रेम मावतील इतका ठेवावा लागतो.

फीडची आणखी एक ओळ बरेच जण गाळतात, पण प्रसंगी लाज राखते ती हीच. किती फ्रेम वाट पाहायची आणि तोवर चित्र न आल्यास कोणते स्थिरचित्र दाखवायचे, हे तिच्यात सांगितलेले असते. २५ फ्रेम लिहिल्या तर केबल निघाल्यावर सेकंदाभरात संस्थेचे बोधचिन्ह पडद्यावर येते. आकडा फार लहान ठेवला, तर जरा अडखळलेला कॅमेराही बाद ठरतो आणि बोधचिन्ह सारखे डोकावत राहते.

तेच चित्र एकदा पूर्ण पडद्यावर आणि एकदा कोपऱ्यात हवे असेल, तर कॅमेरा दुसऱ्यांदा जोडावा लागत नाही. मूळ फीडवर आभासी फीड बांधता येते आणि त्याची जागा, आकार, पारदर्शकता वेगळी ठेवता येते. या आज्ञा कार्यक्रम चालू असतानाही नेटवर्कवरून देता येतात. नेहमीच्या आज्ञांचा जुडगा बांधून त्याला एक नावही देता येते.

आवाजाचा मार्ग संपूर्ण वेगळा. त्याची फीड निराळी, त्यांचा मिक्सर निराळा. नमुन्यांचा दर आणि वाहिन्यांची संख्या तिथे स्वतंत्र लिहावी लागते. चित्र उलगडायला आणि मापात बसवायला वेळ लागतो, त्यामुळे आवाज आधी पोचतो. टाळी वाजवून दोन्हींतले अंतर तपासतात आणि तेवढा विलंब आवाजाला लावतात. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे ही टाळी वेगळी वाजवावी लागते, कारण प्रत्येकाचे अंतर वेगळे निघते.