कव्हरवर छापलेली नावे

ब्रिटिश रॉक आणि पॉप संगीताच्या इतिहासात लिव्हरपूल, लंडन, बर्मिंगहॅम ही शहरे ठळकपणे येतात, पण त्या संगीताला दुरून जीव लावणाऱ्या श्रोत्यांची गावे त्यात क्वचितच दिसतात. विजेवर चालणारी गिटार, बास गिटार आणि ड्रम यांच्या ठाशीव ठेक्यावर उभे राहिलेले संगीत म्हणजे रॉक, आणि त्याच कुळातले पण चटकन ओठांवर बसावे अशा बेताने बांधलेले गाणे म्हणजे पॉप. १९६२ नंतर बीटल्सपासून उसळलेल्या लाटेबरोबर हे दोन्ही प्रकार ब्रिटनमधून जगभर गेले. दुरून ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या गावांचे एक उदाहरण म्हणजे मेहरूण. हे एकेकाळचे वेगळे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत असून तलाव आणि बोरे ही त्याची खानदेशातली ओळख आहे. तिथून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर लांब, आणि ज्या बँडवर प्रेम करायचे तो सातासमुद्रापार. अशा ठिकाणच्या चाहत्याची आठवण मैफलीची असूच शकत नव्हती. ती ऐकण्याची होती, आणि ऐकलेले ज्या वस्तूवर मुद्रित झाले होते त्या वस्तूची होती. त्या वस्तूवर जे नाव छापले गेले ते लक्षात राहिले आणि जे छापले गेले नाही ते विस्मरणात गेले, मग ते नाव मुंबईतल्या वादकाचे का असेना. महाराष्ट्रातल्या या रसिकतेचा विचार त्या छापील अक्षरापासूनच सुरू करावा लागतो.

पहिली वस्तू अर्थातच तबकडी. ब्रिटनमध्ये मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपले आणि त्यांची जागा ४५ व ३३ फेऱ्यांच्या, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांनी घेतली. भारतात मात्र लाखेच्या तबकड्या त्यानंतरही काही वर्षे निघत राहिल्या. त्याचे कारण साधे होते. वीज न पोहोचलेल्या असंख्य घरांत चावी देऊन चालवायचा स्प्रिंगचा ग्रामोफोन हेच एकमेव यंत्र होते, आणि त्याची जड पोलादी सुई ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरच चालत असे. त्यामुळे कोलकात्याजवळच्या डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात बीटल्सची गाणीदेखील साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर दाबली गेली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे, खरखर, आणि दर काही वाजवण्यांनंतर बदलावी लागणारी सुई: ज्या यंत्रावर बालगंधर्वांची पदे वाजत, त्याच यंत्रावर लिव्हरपूलच्या चार तरुणांचा आवाज ऐकण्याची सोय भारतात झाली होती आणि खुद्द ब्रिटनमध्ये ती उरली नव्हती. जगभरचे संग्राहक आज या भारतीय तबकड्यांसाठी मोठी किंमत मोजतात, याचे मूळ त्या काळच्या आपल्या विजेच्या टंचाईत आहे.

तबकडी विकत घेणे प्रत्येकाला परवडणारे नव्हते, म्हणून दुसरे माध्यम रेडिओचे. रेडिओ सिलोनची इंग्रजी गाण्यांची प्रसारणे आणि बीबीसीची जागतिक सेवा ही लघुलहरींवर, म्हणजे शॉर्ट वेव्हवर, ऐकू येत. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात आणि म्हणूनच हजारो किलोमीटर जातात. पण तो थर दिवसा, रात्री आणि ऋतूप्रमाणे बदलत असल्याने आवाज कधी भरून येतो, कधी गाण्याच्या ऐन मध्यावर विरून जातो. खानदेशासारख्या प्रदेशात, जिथे मुंबईतल्या इंग्रजी नियतकालिकांचा आणि तबकड्यांच्या दुकानांचा शेजार नव्हता, तिथे रात्री काटा फिरवून स्टेशन पकडणे ही या संगीताशी ओळख होण्याची सर्वांत स्वस्त वाट होती. बीबीसीच्या जागतिक सेवेवर डेव्ह ली ट्रॅव्हिस यांचा ‘अ जॉली गुड शो’ हा श्रोत्यांच्या फर्माइशींचा कार्यक्रम दोन दशके चालला, आणि म्यानमारमध्ये नजरकैदेत असताना तो ऐकणाऱ्या आँग सान सू ची यांनीही त्या कार्यक्रमाची आठवण पुढे सांगितली. रेडिओवर निवेदकाने नाव एकदाच उच्चारायचे आणि श्रोत्याने ते कानाने टिपायचे, त्यामुळे बँडची नावे वह्यांतून ऐकू आली तशी उतरली जात. गायकाचे नाव टिकले, मागच्या वादकांचे टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या मागच्या वादकांत आपली माणसे होती, ही गोष्ट मराठी वाचकाला विस्ताराने सांगितली पाहिजे. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईला आला, ताजमहाल हॉटेलात नाव बदलून उतरला, तरी ओळखला गेला आणि हॉटेलखाली चाहत्यांची इतकी गर्दी झाली की अखेर पत्रकार परिषद घेऊन गुरुशिष्यांना काश्मीरला निघून जावे लागले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्या वेळी एकमार्गी, म्हणजे मोनो, मुद्रणाचीच व्यवस्था होती. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांवर मुद्रण करणारे स्टिरिओ यंत्र कोलकात्याहून मागवून आणले. भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या आणि बाहेरच्या रहदारीचा गोंगाट आत येत असे, तरीही काही दिवसांत तिथे इतके काम झाले की त्यातल्याच एका मुद्रणावर लंडनला गायन चढवून ‘द इनर लाइट’ हे बीटल्सचे गाणे तयार झाले आणि मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. हेच मेनन पुढे अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले आणि पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बमला अमेरिकेत मिळालेल्या यशाचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. ब्रिटिश रॉकच्या इतिहासात एका भारतीय व्यवस्थापकाचा याहून मोठा वाटा क्वचितच सापडेल.

‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाला, आणि त्याच्या वादकांच्या यादीत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांच्याबरोबर सूरबहारवादक म्हणून चंद्रशेखर नारिंग्रेकर हे नाव आहे. सूरबहार हे सतारीच्याच घडणीचे पण आकाराने मोठे, खर्जाचे वाद्य, ज्याच्यावर आलाप संथपणे, एकेका सुराला वजन देत वाढवला जातो. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातले गाव. त्या गावाचे नाव आडनावात वागवणारा एक कलावंत बीटल्सच्या सदस्याने काढलेल्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर वाजवतो, ही गोष्ट संगीताच्या मराठी ग्रंथांत ठसठशीत अक्षरांत यायला हवी होती. ती निदान शोधता येते, कारण हॅरिसनने वादकांना श्रेय दिले.

श्रेय न दिल्यास काय होते, याचे उदाहरण त्याच्या आधीच्याच वर्षातले आहे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या कव्हरवर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापले गेले, म्हणून ते पहिल्यापासून सर्वज्ञात राहिले. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बममधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे लंडनस्थित भारतीय वादक मात्र कव्हरवर नुसते नावावाचून राहिले, आणि अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कनसारा व नटवर सोनी ही नावे सर्वसामान्य चाहत्यांपर्यंत पोहोचायला पन्नासएक वर्षे लागली. दिलरुबा म्हणजे सतारीसारखे पडदे असलेले पण गजाने वाजवायचे वाद्य. त्या गाण्यात गायकाच्या पाठोपाठ सावलीसारखा जाणारा जो स्वर आहे तो त्याचाच. गाणे लक्षावधी लोकांना पाठ, आणि तो स्वर कोणाचा हे कोणालाच ठाऊक नाही, अशी ही अवस्था होती. मुंबईत जन्मलेले आणि पन्नासच्या दशकात लंडनला गेलेले तबलावादक केशव साठे यांचे तसे झाले नाही. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या जॅझप्रयोगांत आणि पुढे जॉन रेनबोर्न यांच्या लोकसंगीताच्या गटात ते नावानिशी वाजवत राहिले. तरीही महाराष्ट्रात त्यांची आठवण काढणारे थोडेच.

१९७२ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइटक्लबमध्ये त्यांनी आयत्या वेळी वाजवले, आणि स्थानिक वादकांना घेऊन आपली ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने मुद्रित केली. त्या रात्रीच्या क्लबमधल्या श्रोत्यांच्या आठवणी पुढे वारंवार सांगितल्या व छापल्या गेल्या आहेत. स्टुडिओतली मुद्रणे मात्र अधिकृतपणे २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत आली, आणि गाण्यांच्या शीर्षकात वादकांची ओळख उरली ती केवळ ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या दोन शब्दांत. ज्यांनी सारंगी आणि तबल्याने त्या गाण्यांचा ढंगच बदलला, त्यांच्या कामाला शहराचे नाव पुरेसे मानणे हे न्यायाचे नाही.

ध्वनिमुद्रणच नसेल तर आठवण केवळ माणसांच्या बोलण्यावर टिकते, आणि त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाचगणीत आहे. १९४६ मध्ये झांझिबारला जन्मलेला फारुख बुलसारा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला, तिथे पियानो शिकून त्याच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला, आणि १९५८ च्या सुमारास ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी व व्हिक्टरी राणा या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँड काढला. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवत असे, असे त्याच्या शाळासोबत्यांनी सांगून ठेवले आहे. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर त्याचे कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये स्थायिक झाले, आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून तो जगाला माहीत झाला. क्वीनने भारतात एकही कार्यक्रम केला नाही, तरी सातारा जिल्ह्यातले हे थंड हवेचे गाव चाहत्यांच्या यात्रेच्या नकाशावर आले ते केवळ वर्गमित्रांच्या सांगण्यातून आणि मागे राहिलेल्या छायाचित्रांतून. मर्क्युरीने स्वतः जाहीरपणे या वर्षांबद्दल फारच कमी सांगितले, म्हणून त्या सोबत्यांच्या साक्षीचे मोल अधिक. त्यांनी ती दिली नसती, तर ब्रिटिश रॉकमधल्या एका थोर गायकाच्या घडणीची ही सातआठ वर्षे कोरीच राहिली असती.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि जिल्ह्याच्या गावांतल्या श्रोत्यांसाठी सारे चित्र पालटले. परवान्याने भारतात निघालेल्या कॅसेटी मोठ्या शहरांत मिळत; इतरत्र चाल होती ती कॅसेट भरून घेण्याची. कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराकडे द्यायची, आणि काही दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. एका तबकडीचा अल्बम साधारण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांचा असल्याने नव्वदच्या कॅसेटीत दोन अल्बम बसत, एकेका बाजूला एक. अल्बम थोडा लांबला की शेवटचे गाणे मध्येच तुटे, आणि ज्याने तीच कॅसेट वर्षानुवर्षे ऐकली त्याच्या कानात ते गाणे तिथेच संपते. रीळ गुंतले की चाकात पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळावी लागे. अशा कॅसेटीच्या कागदावर बँडचे आणि फार तर अल्बमचे नाव हाताने लिहिलेले असे. मूळ कव्हरवरचा मजकूर त्यात येत नसे; क्वीनने आपल्या सुरुवातीच्या अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असे मुद्दाम छापून घेतले होते, पण कॅसेट भरून घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. जिल्ह्याच्या गावांतली ही आठवण वादकांच्या नावांना पारखी झाली, ती रसिकता उणी होती म्हणून नव्हे. तिच्या हाती आलेल्या कागदावर नावे लिहायला जागाच नव्हती.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी चेहरे दाखवले. प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र आधीप्रमाणेच महाराष्ट्रापुरते प्रामुख्याने मुंबईत होत राहिले: १९८० मध्ये ‘द पोलीस’, १९९५ मध्ये डीप पर्पल, ७ एप्रिल २००३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स, फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स, १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस आणि अहमदाबादला दोन दिवस झाले, तेव्हा जळगावचे स्थान प्रथमच सोयीचे ठरले, कारण या जंक्शनवरून एक मार्ग मुंबईकडे आणि दुसरा अमळनेर, नंदुरबार, सुरत करत अहमदाबादकडे जातो. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम तर इंटरनेटवरून थेट दाखवला गेला, आणि मेहरूणमधल्या श्रोत्याला तो त्याच क्षणी घरी बसून पाहण्याची सोय झाली. या पिढीची आठवण मोबाइलमधल्या चित्रफितींत आपोआप साठते आहे. तिची काळजी तूर्त नाही.

काळजी आहे ती कॅसेटींची. फितीवरचा लोहकणांचा थर काळानुसार सुटत जातो, आणि पावसाळ्याच्या दमटपणात तिच्यावर बुरशी धरते. खानदेशातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा कपाटात ठेवलेल्या फितीलाही मानवत नाही. गाणी आज कुठेही मिळतात, म्हणून या कॅसेटी टाकून देण्याकडे घराघरांत कल आहे, पण त्या कागदावरचे हस्ताक्षर, कॅसेट कुठे आणि कधी भरली गेली, मूळ तबकडी कोणाची होती, कोणते गाणे मुद्दाम दोनदा घेतले, ही माहिती कुठेच मिळणार नाही. या कॅसेटी उतरवून ही माहिती नोंदवण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास आणि संगीत विभागांना अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला नव्वद मिनिटेच लागतात, आणि तेवढा वेळ ज्याने ती भरून घेतली त्याला शेजारी बसवून बोलते करता येते.