दुसऱ्याच्या मुलखात पडलेला राजा

इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, नॉर्थंबरलंडमध्ये ब्रँक्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. स्कॉटलंडची हद्द इथून तासाभराच्या चालीवर. गावात लाल रंगाचं जुनं टेलिफोनचं खोकं आहे. त्यातला फोन केव्हाच गेला. आता तिथे नकाशे आणि माहितीपत्रकं असतात. जगातलं सर्वांत लहान माहिती केंद्र अशी त्याची ख्याती. एका वेळी एकच माणूस आत मावतो, आणि वाचतो काय, तर एका दुपारी दहा हजारांच्या आसपास स्कॉटिश माणसं कशी मारली गेली, ते!

लढाईचं नाव फ्लॉडन. 9 सप्टेंबर 1513, शुक्रवार. आठवा हेन्री तेव्हा फ्रान्सवर स्वारीला गेला होता. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स हा त्याच्या बहिणीचा नवरा. दोन्ही देशांत 1502 मध्ये कायमच्या शांततेचा तह झाला होता. पण स्कॉटलंडची फ्रान्सशी दोस्ती त्याहून जुनी. मेव्हणा घरी नाही हे पाहून जेम्सनं ऑगस्टमध्ये ट्वीड नदी ओलांडली. अवजड तोफा आणि तोवरच्या स्कॉटिश सैन्यांत सर्वांत मोठं म्हणता येईल असं दळ त्याच्याबरोबर होतं. त्याच्यासमोर उभा राहिला सत्तरीचा अर्ल ऑफ सरे.

गावाबाहेरच्या पायपर्स हिल या टेकाडावर ग्रॅनाइटचा क्रूस उभा आहे. तिथून दक्षिणेकडे पाहिलं की लढाई पुस्तकापेक्षा लवकर कळते. समोर ब्रँक्स्टन हिलचा उतार आणि त्यावर पिकाची शेतं. वरून पाहणाऱ्याला उतार सरळ खाली आल्यासारखा वाटतो. पायथ्याचा सखल, पाणथळ पट्टा खाली उतरल्याशिवाय नीट दिसत नाही. त्या पट्ट्यानंच घात केला. जेम्सच्या पायदळाला फ्रेंच अधिकाऱ्यांनी स्विस पद्धतीचे सुमारे अठरा फुटी भाले चालवायला शिकवलं होतं. रांग मोडली नाही आणि पाय थांबले नाहीत, तर त्या भाल्यांपुढे कुणी टिकत नसे. डाव्या बगलेवर हे साधलं. तिथली इंग्लिश फळी उधळली गेली. मधल्या तुकड्या मात्र चिखलात आल्या आणि रांगा फुटल्या. एकदा रांग फुटली की अठरा फुटांचा भाला म्हणजे नुसतं ओझं. इंग्लिशांच्या हाती होतं बिल: आठेक फुटी दांड्यावर बसवलेलं, कोयत्यासारखं वाकडं पातं, झाडोरा छाटायच्या शेतकी हत्याराचा लष्करी अवतार. त्यानं आधी भाल्यांचे दांडे तुटले, मग माणसं. राजा स्वतः पहिल्या फळीत लढत होता. सरेपासून भालाभर अंतरावर तो पडला असं सांगतात. त्याचा अनौरस मुलगा अलेक्झांडर, विशीतला आर्चबिशप आणि इरॅस्मसचा विद्यार्थी, त्याच दिवशी मेला.

प्रेत गावातल्या सेंट पॉल चर्चमध्ये ठेवलं होतं अशी परंपरागत समजूत आहे. आजची इमारत बहुतांशी 1849 ची, आतली एक कमान तेवढी मध्ययुगीन. तिथून प्रेत बेरिक, मग लंडन. हेन्रीच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या राणी कॅथरीननं जेम्सचा रक्ताळलेला अंगरखा नवऱ्याला फ्रान्समध्ये धाडला. राजाचा देहच पाठवायचा मानस होता, पण आपल्या इंग्लिश माणसांना ते सोसवलं नसतं, असं तिनं पत्रात लिहिलं. पोपनं जेम्सला बहिष्कृत केलं असल्यानं दफनही रखडलं. आज त्याची कबर कुठेच दाखवता येत नाही.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवणारच. पण पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे दिल्लीत परतले. स्कॉटलंडच्या गादीवर आलं सतरा महिन्यांचं मूल.

जिंकणाऱ्यांना या लढाईचं फारसं सोयरसुतक नाही, असं माझं मत. सामान्य इंग्रजाला हेन्रीच्या सहा बायका पाठ असतात, फ्लॉडन नाही. आठवण जपली ती हरलेल्यांनी. दर ऑगस्टमध्ये पलीकडच्या कोल्डस्ट्रीमहून घोडेस्वार हद्द ओलांडून रणभूमीवर येतात. टेकाडावरचा क्रूस 1910 चा. त्यावर दोन्ही राष्ट्रांच्या शूरांना एकत्रच मानवंदना आहे.

ब्रँक्स्टनहून उत्तरेकडे निघालं की वाटेत टिल नदीवरचा ट्वायझेलचा एककमानी पूल लागतो. सरेच्या तोफा याच पुलावरून गेल्या आणि जेम्सची घरची वाट बंद झाली. पुढे नॉरमचा किल्ला. डरॅमच्या बिशपांनी तो 1121 मध्ये बांधायला घेतला. लढाईआधी जेम्सनं तोफा लावून तो आठवड्याच्या आत घेतला होता. लाल दगडाचा पडका बुरूज आणि खाली ट्वीडचं वळण. टर्नरनं हे दृश्य पुन्हा पुन्हा रंगवलं. पलीकडे, स्कॉटलंडच्या काठावर, लेडीकर्कचं दगडी चर्च. नदी ओलांडताना बुडता बुडता वाचलेल्या राजानं नवस फेडायला ते 1500 च्या सुमारास बांधलं, अशी कथा आहे. हा राजा म्हणजे हाच जेम्स.

कोल्डस्ट्रीमला ट्वीडवर जॉन स्मीटननं 1760 च्या दशकात पूल बांधला, तेव्हा हद्दीचा उपयोग बदलला होता. इंग्लंडनं 1754 पासून लग्नाचे नियम कडक केले. स्कॉटलंडात मात्र साक्षीदारांसमोर एकमेकांना पत्करलं की पुरे. पुलाच्या स्कॉटिश टोकाच्या टोलघरात पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लागू लागली. स्कॉटलंडात एकवीस दिवस राहण्याची अट 1856 च्या कायद्यानं घातली आणि हा धंदा बसला.

या सरहद्दीच्या पश्चिम टोकाचं एक नाव आपल्याकडेही पोचलं. 1818 मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम स्कॉटिश हद्दीतल्या एस्कडेलचा. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्याच नावाची.

या भागात यायचं तर लंडन-एडिंबरा गाडीनं बेरिकला उतरावं. स्कॉटलंडच्या गादीचा वारस कोण, या वादाची सुनावणी पहिल्या एडवर्डनं 1291 मध्ये नॉरमला सुरू केली आणि पुढच्या वर्षी बेरिकच्या किल्ल्यातल्या दिवाणखान्यात निकाल दिला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेवाल्यांनी तो किल्ला बराचसा पाडून तिथे स्टेशन बांधलं. दिवाणखाना होता त्या जागी आता फलाट आहे.