‘डायव्हर्स’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ

इंग्रजींत विविधता दर्शविणारीं विशेषणें थोडीं नाहींत. त्यांपैकीं ‘डायव्हर्स’ हें विशेषण आज वर्तमानपत्रांत, नोकरीच्या जाहिरातींत व विद्यापीठांच्या पत्रकांत पदोपदीं आढळतें. परंतु त्याचा अर्थ तितक्याच सावधपणें पाहिला जातो असें नाहीं. कोशांत त्यापुढें ‘विविध’, ‘भिन्न’, ‘नाना प्रकारचे’ असे प्रतिशब्द दिलेले असतात. ते चुकीचे नव्हेत. पण तेवढ्यानें शब्दाचें मर्म हातीं लागत नाहीं.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा अक्षरशः अर्थ ‘वेगवेगळ्या दिशांना वळलेला’ असा होतो. त्यांतील ‘वळणें’ या अर्थाचा लॅटिन धातु आणि ‘परिवर्तन’, ‘आवर्तन’ या शब्दांतील संस्कृत ‘वृत्’ धातु हे एकाच प्राचीन मूळाचे वंशज होत. फ्रेंच भाषेच्या द्वारें हा शब्द इंग्रजींत आला व कालांतरानें त्याचे दोन फांटे झाले. शेवटीं ‘ई’ अक्षर नसलेला ‘डायव्हर्झ’ हा ‘कित्येक’ एवढाच अर्थ दाखवूं लागला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तो वारंवार येतो, पण आतां तो जुनाट झाला आहे. ‘ई’ असलेल्या ‘डायव्हर्स’कडे मात्र भेदाचा अर्थ राहिला.

म्हणून या विशेषणाचा रोंख संख्येवर नसून अंतरावर आहे. कपाटांत दहा निरनिराळ्या लेखकांच्या कादंबऱ्या असल्या, तर त्यांना ‘व्हेरिअस’ म्हणणें पुरेसें होतें. त्याच कपाटांत ज्योतिष, पाकशास्त्र, बीजगणित आणि अभंगांची गाथा शेजारीं शेजारीं असली, तर तो संग्रह ‘डायव्हर्स’ होय. केवळ ‘पुष्कळ’ म्हणावयाचें असतां हा शब्द योजणें सदोष आहे. मराठींतहि ‘अनेक कारणांमुळें’ याऐवजीं ‘विविध कारणांमुळें’ लिहिण्याची संवय अशीच पडली आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भेद दिसण्यास निदान दोन वस्तु लागतात. सबब हें विशेषण समूहाला लागतें, एकट्याला नाहीं. लोकवस्ती, आहार, शहर हीं नामें एकवचनी असलीं तरी त्यांच्या पोटांत अनेक घटक असतात, म्हणून तीं चालतात. अमेरिकेच्या कायद्यांत वादी व प्रतिवादी निरनिराळ्या राज्यांचे नागरिक असले म्हणजे ते परस्परांशीं ‘डायव्हर्स’ ठरतात. एकटा वादी तसा ठरूंच शकत नाहीं. १९७८ सालीं बाकी खटल्यांत न्यायमूर्ति ल्युइस पॉवेल यांनीं ‘डायव्हर्स विद्यार्थिवर्ग’ हें विद्यापीठाचें रास्त ध्येय मानलें. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशाच्या वेळीं वंशाचा विचार करण्याची पद्धति अवैध ठरविली, ही गोष्ट निराळी. शब्दाच्या दृष्टीनें पाहतां पॉवेल यांचें विशेषण वर्गाला लागलें होतें, विद्यार्थ्याला नव्हे.

अलीकडे मात्र ‘डायव्हर्स उमेदवार’ असा प्रयोग रूढ होत आहे. ‘विविध मनुष्य आला’ हें वाक्य मराठी कानाला तत्काळ खटकतें. इंग्रजी प्रयोगांतील दोष तोच आहे. त्याचा अभिप्रेत अर्थ ‘बहुसंख्य समाजाबाहेरील उमेदवार’ असा असतो. म्हणजे बहुसंख्यांना मोजपट्टी मानावयाचें आणि भिन्नपणाचा सारा भार एकट्या उपऱ्याच्या माथीं मारावयाचा! वस्तुतः दोन माणसें परस्परांहून भिन्न असतील, तर पहिला दुसऱ्याहून जितका भिन्न, तितकाच दुसराहि पहिल्याहून भिन्न असतो. हा समतोल शब्दाच्या मूळ अर्थांतच आहे व चुकीच्या प्रयोगानें तो नाहींसा होतो.

यास्तव इंग्रजी लिहिणारानें लेखणी उचलण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: येथें समूह आहे काय? त्यांत खरें अंतर आहे काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल तरच हा शब्द योजावा. एरव्हीं संख्या सांगावयाची असल्यास ती सांगावी आणि माणसाचा समाज सांगणें अवश्य असल्यास त्याचें नांव स्पष्टपणें घ्यावें.