गाठ सशाच्या घशाशी

‘कुत्र्याच्या नसबंदीला डॉक्टर लगेच तारीख देतात, सशाचं नाव काढलं की विचारात का पडतात?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. त्याला कारण आहे. ब्रिटनमधल्या ११७ दवाखान्यांतून २००२ ते २००४ या काळात जमवलेली माहिती संशोधक ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. भुलीत किंवा भुलीनंतर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत तब्बल १.३९.

ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी. त्याच्या स्वरयंत्रावरचं झाकण मऊ टाळूच्या वर, नाकाच्या बाजूला अडकलेलं असतं. तोंड जेमतेम उघडतं, जीभ जाडजूड, दातांची गर्दी. आत डोकावून श्वासनळी दिसणं मुश्कील. म्हणून भुलीत श्वासासाठी घालायची नळी डॉक्टर मान ताणून अंदाजाने आत सरकवतात, तिच्या बाहेरच्या टोकाला कान लावतात आणि श्वासाचा आवाज सर्वांत मोठा आला की पुढचा श्वास आत जाताना ती अलगद ढकलतात. एकविसाव्या शतकात एवढ्या नाजूक कामाची भिस्त कानावर! नेम चुकला तर नळी अन्ननलिकेत, आणि दोन-चारदा खटपट झाली की स्वरयंत्राला सूज.

मग आत शिरायचंच कशाला? हा प्रश्न माणसांच्या बाबतीत १९८१ साली लंडनमधले भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांना पडला होता. दातांच्या दवाखान्यातला गोल्डमन मास्क त्यांच्या हाती होता. मृतदेहांच्या घशाचे प्लास्टरचे साचे काढून त्यांनी पाहिलं, तर त्या मास्कची फुगीर कड स्वरयंत्राभोवती बसण्याजोगी निघाली. कुकरच्या झाकणाला रिंग बसते तशी ही कड स्वरयंत्राच्या दाराभोवती बसते. आतल्या स्वरतंतूंना धक्काही लागत नाही. यावरून तयार झालेला लॅरिंजियल मास्क १९८८ साली बाजारात आला. पुढे सशाच्याच घशाच्या मापाचं ‘व्ही-जेल’ हे साधन आलं. ते मऊ असतं, आत फुगवावं लागत नाही, आणि सराव असेल तर काही क्षणांत बसतं.

जाहिराती वाचून मात्र हुरळू नये. सशाचं डोकं वळवलं तर हे साधन सरकतं, आणि जिभेवर दाब आला तर जीभ निळी पडते. साधन जागेवर आहे की नाही, हे सांगतो कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. ते नसेल तर महागडं साधनही आंधळंच. (सशाची आणखी एक गंमत : बऱ्याच सशांच्या रक्तात अॅट्रोपिन फोडणारं विकर असतं. हृदयाचे ठोके मंदावले तर नेहमीचं ते औषध अनेकदा पुरेसं ठरत नाही आणि ग्लायकोपायरोलेट वापरावं लागतं.)

शिवाय ब्रॉडबेल्ट यांच्या त्याच पाहणीत दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया संपल्यावर गेले होते. तेव्हा घशात काहीच नसतं. अंग गार पडतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खाल्लं नाही की आतडं थंडावतं. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर ऊब, वेदनाशामक आणि शुद्धीवर येताच पुढ्यात गवत हवं. तोंड लावलंच नाही, तर सिरिंजने पातळ खाणं भरवावं लागतं.