कोकणातील खेड्यांचे लोकसंख्याचित्र : स्त्री-पुरुष प्रमाणाचा अर्थ

खेड्याच्या लोकसंख्येचा अभ्यास करताना स्त्री-पुरुष प्रमाण हा आकडा सहज हाती येतो. पण त्याचा अर्थ लावताना चूक होण्याचा संभवही तितकाच असतो. रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात त्या १,१२२ होत्या. यावरून तेथे मुलीच्या जन्माचे अधिक स्वागत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु ह्या आकड्यास तसा आधार नाही.

जनगणनेत व्यक्तीची नोंद तिच्या मूळ गावी नव्हे, तर गणनेच्या काळात ती जेथे राहत असेल तेथे होते. २०११ साली ही गणना ९ ते २८ फेब्रुवारी ह्या काळात झाली. गणपतीस व शिमग्यास गावी येणारा चाकरमानी त्या दिवसांत मुंबईत असतो आणि तेथेच मोजला जातो. गावात त्याचे घर व शेत असले, तरी गावाच्या लोकसंख्येत तो नसतो. त्याच वर्षी मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे केवळ ८३२ स्त्रिया आढळल्या. मुंबईत देशाच्या सर्व भागांतून पुरुष येतात; तेव्हा ही तूट एकट्या कोकणामुळे नव्हे. तथापि दोन्ही आकडे स्थलांतराचीच दोन टोके दर्शवितात.

स्थलांतराचा परिणाम वगळून पाहावयाचा असेल, तर शून्य ते सहा वर्षे हा वयोगट घ्यावा. कारण इतक्या लहान वयात मुलगे एकटे परगावी जात नाहीत. रत्नागिरीत ह्या गटात दर हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. राज्याच्या ८९४ ह्या प्रमाणाहून हे बरे. पण निसर्गतः अपेक्षित असलेल्या सुमारे ९५० हून कमीच. एकूण प्रमाणाच्या समाधानकारक आकड्याआड ही उणीव झाकली जाते.

गावपातळीवरील प्राथमिक गोषवाऱ्यात वयाची फोड केवळ ह्या एका गटापुरती मिळते; तरी साध्या वजाबाकीने बरेच साधते. समजा, एका गावात २९० पुरुष व ३५० स्त्रिया असून त्यांपैकी सहा वर्षांपर्यंतचे ३३ मुलगे व २७ मुली आहेत. एकूण प्रमाण १,२०७ येते. बालकांचे ८१८, तर उरलेल्यांचे १,२५७. एकाच गावाची ही तीन भिन्न चित्रे होत. मात्र केवळ तीन मुलगे कमी व तीन मुली अधिक असत्या, तर बालकांचे प्रमाण थेट १,००० झाले असते. म्हणून एका गावाच्या बालप्रमाणावर निष्कर्ष उभारू नये. शेजारची गावे एकत्र घ्यावीत किंवा दोन-तीन जनगणनांची तुलना करावी.

२००१ ते २०११ ह्या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत घटली. अशा प्रदेशात स्त्रियांचे आधिक्य हे पुष्कळदा मागे राहिलेल्यांचे आधिक्य असते: शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध विधवा. त्यास स्त्रीच्या सुस्थितीचे गमक मानल्यास, ज्या गावांत तिच्यावरील भार वाढला आहे तीच गावे नियोजनात निर्धास्त समजली जातील.