जागेअभावी कोणता ग्रंथ बाद करावा?

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ सालची. इतक्या जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नव्या ग्रंथाला फळी मिळवून देताना जुन्याचे काय करावे, हा प्रश्न अटळ असतो. ग्रंथालय सतत वाढणारच, हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच आपल्या पाचव्या सूत्रात मांडले होते.

रुळांवर सरकणाऱ्या मांडण्यांमुळे मधल्या वाटांची जागा वाचते. मात्र त्यांचा भार इमारतीला पेलावा लागतो. त्यानंतर उरते निर्लेखन. क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती सहज बाद करता येतात. खरी अडचण वर्षानुवर्षे कोणी न नेलेल्या ग्रंथांची. देवघेवीची नोंद येथे अपुरी ठरते, कारण ग्रंथालयातच बसून वाचलेला ग्रंथ तीत दिसत नाही.

शिवाय मागणी ही कसोटी कितपत विश्वासार्ह? म्हैसूरच्याच प्राच्य ग्रंथालयात १९०५ मध्ये ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना एका ताडपत्री पोथीत कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' सापडले. तोवर ते केवळ उल्लेखांतून ठाऊक होते. १९०९ मध्ये ते छापले गेले. हे ग्रंथालय आज विद्यापीठाचीच प्राच्य संशोधन संस्था आहे.

म्हणून निर्लेखनापूर्वी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची संयुक्त ग्रंथसूची पाहणे इष्ट. देशात अन्यत्र प्रत आढळली नाही, तर तो ग्रंथ रद्दीत न घालता राखीव भांडारात हलवावा.