संगणक मुका होतो तेव्हां

पनवेल तालुक्यांतील उलवें आतां सिडकोच्या वसाहतीमुळें शहरच झालें आहे, आणि तेथें ज्या घरीं जावें त्या घरीं संगणक दृष्टीस पडतो. मुलांचा अभ्यास, विजेचें बिल, वडील मंडळींच्या निवृत्तिवेतनाचे कागद, सारें त्यावरच. असें यंत्र ऐन कामांत निश्चल झालें, कीं घरांतील कोणी तरी ताडकन् उठून विजेचें बटण बंद करतो. या घाईविषयींच आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पडदा फिकट होऊन वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशीं अक्षरें उमटतात. त्यांचा अर्थ 'उत्तर देत नाहीं' एवढाच. 'मेला' असा नव्हे. कळ दाबल्याचे, माउस हलल्याचे निरोप विंडोज ही प्रणाली त्या त्या प्रोग्रामकडे पोंचवीत असते. पांच सेकंद ते कोणीं उचलले नाहींत, म्हणजे ती ही पाटी लावते. आंत काम चाललें आहे, कीं घाण्याच्या बैलाप्रमाणें नुसत्या फेऱ्या चालल्या आहेत, हें तिला समजत नाहीं. आणि त्यांत तिचा दोष नाहीं. कोणताही प्रोग्राम केव्हां तरी थांबेल कीं नाहीं, हें सर्व प्रसंगीं अचूक सांगणारी रीति असूंच शकत नाहीं, असें अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालींच सिद्ध केलें आहे.

तेव्हां निदान आपणच करावयाचें. कन्ट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, कीं टास्क मॅनेजर उघडतो. अडलेल्या प्रोग्रामपुढील डिस्कचा आंकडा हलत असेल, तर तो बहुधा कामांत आहे. सर्व आंकडे शून्यावर असतील, तर तो कोणाची तरी वाट पाहत आहे: दुसऱ्या खिडकीआड दडलेला 'होय कीं नाहीं' असा प्रश्न, किंवा बंद पडलेला प्रिंटर.

आमच्या परिचयाच्या एका घरीं कुलवृत्तान्त टंकित करण्याचें काम चाललें होतें. शेंकडों छायाचित्रें घातलेलें तें बाड एके दुपारीं अडलें. धाकटे चिरंजीव बटणाकडे धांवले. काकूंनीं त्यांचा हात धरला. डिस्कचा आंकडा हलत होता. अकरा मिनिटांनीं पान पुन्हा चालूं लागलें! नव्वदीच्या आत्याबाईंनीं सकाळीं सांगितलेली जुन्या वाड्याची हकीकत अद्याप जतन केलेली नव्हती. ती रॅम नामक स्मृतींत होती, आणि वीज जातांच ही स्मृति कोरी होते. आत्याबाईंकडून तें सारें दुसऱ्यांदां वदवून घेणें कितपत साधलें असतें, याची आम्हांस शंकाच आहे.

पाव तास होऊनही कांहीं हालचाल नसेल, तर तेवढाच प्रोग्राम निवडून 'एन्ड टास्क' करावें. बाकीचीं कामें सुरक्षित राहतात. वर्ड हा प्रोग्राम सामान्यतः दर दहा मिनिटांनीं आपली प्रत ठेवतो, म्हणून पुष्कळसा मजकूर परत मिळतो. कन्ट्रोल, आल्ट व डिलीट ही प्रसिद्ध त्रयी आय.बी.एम.च्या डेव्हिड ब्रॅडले यांनीं १९८१ च्या संगणकासाठीं योजिली. तेव्हां तिनें यंत्र तत्काळ नव्यानें सुरू होई, आज केवळ पर्यायांची यादी पुढें येते. तीही न आली, तरच बटण कांहीं सेकंद दाबून धरावें. मात्र तत्पूर्वीं पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, म्हणजे निदान तेवढें पान हातीं राहतें.